दोरा बांधलेली वायर

केकवाल्या बाईंची गाडी मोकळ्या रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची आणि गर्दीत शिरली की तापायची. काटा हळूहळू वर सरकायचा, वरच्या पट्टीला टेकायचा, मग बाई गाडीतला हीटर पूर्ण सोडायच्या. इंजिनाची धग अशी आत ओढून घेतली की इंजिनाला जरा दम खाता येतो, ही युक्ती त्यांना गॅरेजच्या मिस्त्रींनीच सांगितली होती. युक्ती खरी होती. फक्त मागच्या सीटवर क्रीमचे केक असायचे.

"गाडी वाचली हो मिस्त्री," बाई म्हणाल्या, "पण लग्नाचा तीन मजली केक पोचेपर्यंत दीड मजल्यावर आला. वरचा साखरेचा नवरा तर नवरीच्या आधीच तळमजल्यावर उतरला."

गॅरेजातले सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. पंखा जळाला म्हणून आलेली ही गाडी, नवा पंखा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला, आणि आता ती परत आली होती.

या गॅरेजात गाडी परत येण्याला फार मोठा अर्थ होता. परत आलेली गाडी आवाराच्या मधोमध उभी करायची. ज्याच्या हातची असेल त्याने ती एकट्याने दुरुस्त करायची, दुसऱ्याने पाना उचलूनही द्यायचा नाही. चूक सापडली की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं आणि चुकलेल्याने ती चूक मोठ्या आवाजात सांगायची, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेली पाहिजे. एकच गाडी तिसऱ्यांदा परत आली तर त्या माणसाने बॉनेट सोडायचं आणि फाटकाशी असलेल्या हवेच्या मशीनवर बसून चाकांत हवा भरायची. किती दिवस, ते मिस्त्री ठरवणार. नियम मिस्त्रींनीच केला होता आणि त्यांच्यावर तो कधी वापरायची वेळ आली नव्हती, त्यामुळे त्यांना तो फार आवडायचा.

सध्या हवेच्या मशीनवर त्यांचा जावई बसला होता.

जावयाने एका गाडीचा क्लच बसवला होता आणि ती गाडी तीनदा परत आली होती. ज्या दिवशी तिसऱ्यांदा आली, त्याच दिवशी जावयाची आई गावाहून आली होती. काउंटरजवळच्या खुर्चीत ती बसली होती, सुनेने दिलेला पाण्याचा पेला हातात होता. आवाराच्या मधोमध तिचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "क्लचची प्लेट उलटी बसवली. हात माझा."

"मागपर्यंत आलं नाही," मिस्त्री म्हणाले.

तो पुन्हा म्हणाला.

"मागे वेल्डरला ऐकू गेलं नाही. काय रे, गेलं का?"

वेल्डरने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. मिस्त्रींनी नाही असं धरलं. जावयाचा आवाज फाटेपर्यंत त्यांनी त्याच्याकडून ते वाक्य वदवून घेतलं. त्याची आई पाणी न पिताच पेला खाली ठेवून उठली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. जाताना सुनेला एवढंच म्हणाली, "माझ्या मुलाला काम येत नाही हे मला घरी सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

सून म्हणजे मिस्त्रींची मुलगी. चाळिशी उलटली तरी बापाची चिंगीच. काउंटर तिचा होता. कुठल्या गाडीला कुठला बेल्ट, कुठल्या मॉडेलचा फिल्टर कुठल्या मॉडेलला दाबून बसतो, सगळं तिला तोंडपाठ. छोट्या खोक्यातल्या फ्यूजचा नंबर ती न बघता सांगायची आणि रंग बघून फ्यूज द्यायची. आईच्या मागे घरही तिनेच ओढलं आणि आईचं आणखी एक काम चालवलं, ज्याबद्दल गॅरेजात कुणाला काही माहीत नव्हतं.

मिस्त्रींना रंग कळत नसत. लाल, हिरवा, तपकिरी हे त्यांच्या लेखी एकाच चिखलाचे तीन थर होते. तरुणपणी एकदा त्यांनी ही गोष्ट एका उस्तादाला सांगितली होती. उस्तादाने सगळ्यांना बोलावून त्यांच्यापुढे रुमाल नाचवले होते, "हा कुठला? आणि हा?" त्यानंतर त्यांनी ती फक्त बायकोला सांगितली. वायर असलेला कुठलाही नवा भाग बसवण्याआधी बायको त्याच्या प्लसच्या वायरीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून द्यायची. बायकोमागे चिंगी मारायला लागली. भाग काउंटरवरून बॉनेटपर्यंत जाताना दोरा बांधूनच जायचा. कुणी विचारलं तर मिस्त्री सांगायचे, "वायरींचे रंग बघतो तो मिस्त्री नव्हे, रंगारी." लोकांना वाटायचं काय हा रुबाब!

सासू निघून गेल्यानंतरच्या आठवड्यात केकवाल्या बाईंचा नवा पंखा आला, तेव्हा चिंगीने दोरा दुसऱ्या वायरीला बांधला.

ती काही फार विचार करून बसली नव्हती. हातात दोरा होता, समोर दोन वायरी होत्या, आणि बाहेर तिचा नवरा कुणाच्यातरी स्कूटरच्या चाकाशी उकिडवा बसून हवा भरत होता. वायरी उलट्या जोडल्या की पंखा उलटा फिरतो. आतली हवा बाहेर ढकलतो आणि पुढून येणारा वारा अडवतो. गाडी वेगात असली की वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही, गर्दीत थांबली की इंजिन तापतं. हे सगळं तिला ठाऊक होतं. गाडी एकदा परत येईल, बाबा चुटकीसरशी ओळखतील, एकदा मधोमध उभे राहून ओरडतील. एवढंच. हिशेब बरोबर.

पण चुटकीसरशी ओळखण्यासाठी दोऱ्यावर शंका घ्यावी लागते.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून तापू दिली. पंखा वेळेवर सुरू झाला. त्यांनी बाजूने वाकून पाहिलं, पाती गरगरताहेत. कानाने ऐकलं, आवाज स्वच्छ. पंखा नवा, वायर दोऱ्याची. म्हणजे पंख्याचा प्रश्नच मिटला. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, जुना अडकत असावा असं म्हणाले आणि मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "थर्मोस्टॅट तपासायचा राहिला. हात माझा." चिंगीच्या छातीत जरा गार वाटलं. नवऱ्याने फाटकातून वळून पाहिलं. झालं, असं तिला वाटलं.

गाडी दुसऱ्यांदा परत आली. यावेळी बाईंच्या मांडीवर एक उघडा डबा होता आणि डब्यात गुलाबी पाणी होतं.

"हा वाढदिवस होता," बाई म्हणाल्या. "पाच वर्षांची मुलगी रडली. आई भांडली. मी पण रडले. मिस्त्री, तुम्ही नसता तर मी दुसरीकडे गेले असते, पण तुमच्याकडे काम झालं की बघावं लागत नाही असं सगळे म्हणतात."

"अजून दोन दिवस द्या," मिस्त्री म्हणाले. त्यांनी रेडिएटर उतरवून धुतला, नळ्या बदलल्या, वॉटर पंप खोलून पाहिला. रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा. "मी काहीतरी बघत नाहीये," ते ताटाकडे बघत म्हणायचे. चिंगी आमटी वाढायची.

गाडी चालू करून ठेवली होती तेव्हाची गोष्ट. जावई हात पुसत तिच्या पुढून गेला आणि त्याच्या हातातलं फडकं जाळीपाशी फडफडून बाहेर उडालं. तो थांबला. फडकं उचलून पुन्हा जाळीशी धरलं. पंखा नीट असेल तर फडकं जाळीला चिकटायला हवं. ते परत उडालं. तो इकडेतिकडे बघून काउंटरवर आला. महिन्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर तेज होतं.

"अगं, तुझ्या बापाने पंखा उलटा जोडलाय! उलटा! शेंबडं पोरही असा जोडणार नाही."

"हळू बोला."

"का हळू? मला वेल्डरपर्यंत ओरडायला लावलं ना?"

"त्यांनी नाही जोडला," चिंगी म्हणाली. "म्हणजे जोडला त्यांनी. पण मी जोडायला लावला तसा." आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. दोऱ्याचं, रंगांचं, आईचं, सगळं. आईने मरेपर्यंत ओठ शिवून ठेवलेली गोष्ट एका दमात सांगून झाली. सांगताना तिला वाटलं, आता हा विरघळेल, म्हणेल माझ्यासाठी एवढं केलंस.

त्याला हसू आवरेना, म्हणून त्याने तोंडावर तेच फडकं धरलं. "म्हणजे म्हातारा आंधळा आहे," तो म्हणाला.

"आंधळे नाहीत. रंग फक्त..."

"आणि मला शिकवत होता, प्लेट कुठल्या बाजूने बसते!"

"तुम्ही आता जाऊन सांगा. सहज दिसलं म्हणून सांगा. दोऱ्याचं बोलू नका."

"नियम काय आहे? पानासुद्धा द्यायचा नाही. मी नियम मोडू? मी?" तो परत हवेच्या मशीनकडे गेला. जाताना शीळ घालत होता.

गाडी तिसऱ्यांदा आली ती ओढून आणलेली. बाई काही विनोद करायच्या मनःस्थितीत नव्हत्या. मिस्त्रींनी गाडीला फेरी मारली, पाणी बघितलं, तेल बघितलं, आणि म्हणाले, "हेडची गॅस्केट. इंजिन उघडतो."

इंजिन उघडणं म्हणजे काय, हे गॅरेजात सगळ्यांना कळत होतं. चांगल्या माणसाचं पोट फाडून बघण्यासारखं. आणि आत काही निघालं नाही तर या वयात मिस्त्री पुन्हा कुठल्याही बॉनेटला हात लावू शकणार नाहीत, नियमाने नव्हे, स्वतःच्याच मनाने. चिंगी काउंटरचं दार उघडून बाहेर आली. नवऱ्याने वाटेतच तिचं मनगट धरलं.

"उघडू दे."

"अहो, ते मोडतील."

"मी मोडलो नाही का? तुझ्या डोळ्यांदेखत? तेव्हा तू काउंटरवर काय करत होतीस? पाणी देत होतीस." मग जवळ येऊन अगदी लाडात म्हणाला, "जा, सांग की. सांग, बाबा, मी मुद्दाम केलं. जा."

तिने मनगट सोडवलं नाही. सोडवता आलं असतं. त्याने फार घट्ट धरलं नव्हतं.

मिस्त्रींना उघडण्याआधी इंजिन एकदा शेवटचं ऐकायचं होतं. गाडी चालू केली, तापू दिली. पंखा सुरू झाला. पुढची जाळी काढायला ते गाडीसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या कपाळावरची पांढरी बट मागे उडाली. गरम हवा तोंडावर आली होती. ते तसेच राहिले. खिशातला रुमाल काढून त्यांनी जाळीशी धरला, रुमाल निशाणासारखा बाहेर फडकला. त्यांनी तो खाली केला, पुन्हा धरला.

गाडी बंद केली. पंख्याच्या वायरी तोडल्या, उलट्या जोडल्या, चिकटपट्टी गुंडाळली. पुन्हा चालू. रुमाल जाळीला गच्च चिकटला. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसून राहिला. सगळं करताना त्यांनी एकदाही काउंटरकडे पाहिलं नाही. एकदा फक्त दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

मग ते मधोमध उभे राहिले. वेल्डरने मशीन बंद केलं.

"पंख्याची वायर उलटी जोडली," मिस्त्री म्हणाले. "हात माझा."

"मागपर्यंत आलं नाही," जावई म्हणाला.

केकवाल्या बाई म्हणाल्या, "आलं हो, मला आलं." पण बाई पुढेच उभ्या होत्या.

"पंख्याची वायर उलटी जोडली! हात माझा!"

"वेल्डरला विचारा."

वेल्डर खाली बघत म्हणाला, "आलं, आलं." जावयाने नाही असं धरलं. म्हाताऱ्याचा आवाज मूळचा खणखणीत, तो फाटायला वेळ लागला. चिंगी उभी होती. एका शब्दाचं काम होतं, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आता एवढं झालंय तर पुढच्या वेळी बोलू.

फाटकाशी जाऊन मिस्त्री स्टुलावर बसले. पाठीमागे बॉनेटपाशी जावई उभा राहिला. कुणीतरी राहायला हवंच होतं.

रात्री तिने पानं वाढली आणि मार खायची तयारी करून बसली. चाळिशीतल्या बाईला बाप मारत नाही, तरी तयारी होते. मिस्त्री जेवले. हात धुऊन आले, तिच्यासमोर बसले आणि तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं. लहानपणी डोळ्यात कचरा गेला की असंच करायचे.

"कधीपासून नीट दिसत नाही तुला?"

"बाबा..."

"मला का नाही सांगितलंस? इतका का मी वाईट आहे? मी ओरडलो असतो तुझ्यावर?" मग जरा हसून म्हणाले, "बरं, ओरडलो असतो. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

बायकोच्या आणि मुलीच्या गाठींवर त्यांनी आयुष्यभर इंजिनं सोडली होती. मुद्दाम या शब्दाला त्यांच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती.

दवाखान्यात अक्षरं तिने सगळी वाचली. चोरी लपवायची असते तेव्हाही माणूस परीक्षेत पास व्हायला बघतो. मग डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, ठिपक्यांत लपलेला आकडा. मिस्त्री शेजारच्या खुर्चीत पुढे सरकून बसले.

"काय दिसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

हिरव्या ठिपक्यांत लाल ठिपक्यांचा चौऱ्याहत्तर होता. इतका ठळक की हाक मारत होता. तिने बापाकडे पाहिलं. ते पानाकडे बघत होते, डोळे बारीक करून, आकडा शोधत. आत्ता चौऱ्याहत्तर म्हटलं की झालं. मग घरी जाताना, की आणखी काही दिवसांनी, कधीतरी ते विचार करतील, डोळे चांगले होते तर मग दोरा?

"काही नाही," ती म्हणाली. "ठिपके दिसतात."

"मलाही!" मिस्त्री इतक्या जोरात म्हणाले की बाहेरच्या नर्सने डोकावून पाहिलं. "मलाही ठिपकेच दिसतात! डॉक्टर, माझंही असंच आहे, जन्मापासून!" उस्तादानंतर पहिल्यांदा त्यांनी हे बायको-मुलीबाहेर कुणाला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी पान उलटलं. तिथेही तिला काही दिसलं नाही. पुढच्या पानावरही. शेवटचं पान रंग न कळणाऱ्यालाही वाचता येतं, तेही तिने नाही म्हटलं; मिस्त्रींचं तेव्हा पानाकडे लक्ष नव्हतं, ते डोळे पुसत होते. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे रोखून पाहिलं. "बायकांमध्ये हे फार क्वचित असतं," ते म्हणाले. "आणि अचानक तर..."

"अचानक नाही, वाढत गेलं असणार," मिस्त्रींनी परस्पर उत्तर दिलं. "आधी थोडं दिसत असेल. तिच्या लक्षात आलं नसेल. माझ्यावर गेलीय हो ही." त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांना रडू येत होतं आणि ते हसतही होते. ती डॉक्टरांकडे बघत होती. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि "आणखी तपासण्या करायच्या असतील तर या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गॅरेजात सगळ्यांना जमवून सांगून टाकलं. आम्ही बापलेक दोघंही रंगाला आंधळे, हसायचं त्याने आत्ता हसून घ्यावं. कुणी हसलं नाही. मग ते चिंगीला म्हणाले, "आता काउंटरवर तू नको, बाळा. फ्यूज रंगावरून द्यायचे असतात. एखाद्याची गाडी पेटायची."

काउंटरही जावयाकडे गेला. त्याने पहिल्याच दिवशी खोकी त्याच्या मनासारखी लावली. घरी तिने एकदा त्याला म्हटलं, निदान तुम्ही तरी मला समजून घ्या. तो म्हणाला, "मी तरी काय? बापाला असं करणारी बाई नवऱ्याला काय करेल? मी रोज गाडी चालू करण्याआधी ब्रेक तपासतो." तो हसला. पण तपासायचा तो खरंच, तिने खिडकीतून पाहिलं होतं.

फाटकाशी आता दोन स्टुलं असतात. मिस्त्री हवेची नळी धरतात, चिंगी चाकांच्या टोप्या काढते, लावते. गर्दीची वेळ असते, गाड्यांची रांग लागते. आतून नवऱ्याची हाक येते, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"अगं ए, त्या लाल गाडीला आधी घे! घाईत आहेत ते."

रांगेत दुसरीच गाडी, टोमॅटोसारखी लाल. चिंगी उठते, रांगेकडे बघते, उजवीकडे, डावीकडे.

"लाल कुठली?" ती ओरडून विचारते.

आत कुणीतरी खुसखुसतं. नवरा म्हणतो, "मागपर्यंत आलं नाही."

"लाल कुठली?"

मिस्त्री तिचा पदर ओढून तिला खाली वाकवतात आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं कानात सांगतात, "दुसरी. त्या माणसाकडे बघ, लाल म्हटल्यावर त्याने मान वर केली. रंगाकडे बघायचंच नाही, माणसांकडे बघायचं. मी शिकवतो तुला, सगळं जमतं."

"हो बाबा," चिंगी म्हणते आणि टोपी काढायला चाकाशी बसते.